तुळशीपलीकडे

माकुणसारच्या बालवाडीत सुलूने उभा जन्म तक्ते लावले. फळांचा तक्ता, भाज्यांचा तक्ता, आंघोळ केलेला मुलगा आणि न केलेला मुलगा. तिला विसरण्याचा आजार आहे, तिचं स्वतःचंच डोकं आता गळत जाणार, असं पालघरच्या डॉक्टरने सांगितलं, तेव्हा रिक्षात बसून रडून झाल्यावर तिने नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, “मग आता माझा तक्ता कुठं लावायचा?”

दिनानाथला उत्तर सुचलं नाही. अशा वेळी त्याला कधीच काही सुचत नसे. तारापूरला एका केमिकल कंपनीत तो पॅनल ऑपरेटर होता. भिंतभर पॅनल, त्यावर टाक्या आणि पाइपांचं चित्र, चित्रात लाल-हिरवे दिवे. बोलायचं काम दिव्यांचं, याचं काम बघत बसायचं. निवृत्त होऊन घरी आला तो तीच सवय घेऊन. बायको बोलायची, हा बघत बसायचा, आणि संसार चालू राहायचा.

उत्तर आणलं भाविकाने. ही त्यांची मुलगी. कोळगावच्या सरकारी इमारतीत कंत्राटी नोकरीला, राहायला पालघरातच. रविवारी ती एक टॅब घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवला. पांढराशुभ्र पडदा, बाकी काही नाही.

“हा फळा,” भाविका म्हणाली. “याला कडा नाहीत. इकडे सरकव, तिकडे सरकव, संपत नाही. बोट लावलंस की चिठ्ठी तयार होते. चिठ्ठीवर लिही, फोटो लाव. दोन चिठ्ठ्यांमध्ये रेघ ओढलीस की त्या जोडल्या जातात. आमच्या ऑफिसात योजनांचा गोंधळ आम्ही यावरच मांडतो.”

“निस्तरतो का पण?”

“नाही. पण नीट दिसतो.”

सुलू हसली. डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदा.

मग ती भिडली. केळी उतरवायच्या दिवसांत घरात घड पडलेले असायचे तसं तिचं सगळं जग त्या फळ्यावर येऊन पडायला लागलं. मधोमध तिने घराच्या ओट्याचा फोटो लावला, आणि ओट्याभोवती माणसं. येणारा-जाणारा ओट्यावर टेकतोच, म्हणून फळ्याचंही नाव ओटा. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तोंडवळा आणि कामापुरती ओळख. शेजारच्या रखमाबाईच्या फोटोखाली लिहिलं, ‘उसनं नेते. परत देते. फक्त वाटी बदलते.’ दिनानाथच्या फोटोखाली, ‘नवरा. कमी बोलतात. उत्तर दिलं नाय तर राग मानू नये, डावा कान कंपनीत गेलाय.’ आणि ओट्याला अगदी चिकटून हेमांगी. ‘धाकटी बहीण. बोईसरला ब्लाउज शिवते. दुपारी फोन करते. मी वाढवली.’

खाली डावीकडे स्वयंपाकघर होतं. डाळीत मीठ कधी, गॅस बंद केल्याची खूण काय. त्याच्या पलीकडे वाडी, म्हणजे कुठल्या माडाचे नारळ कोणाकडे जातात, पानवेलीला पाणी कधी. एका कोपऱ्यात नुसत्या ओव्या आणि बालवाडीची गाणी; त्यांना कुठलीच रेघ जोडलेली नव्हती, ‘उगाच ठेवल्यात’ असं शेजारी लिहिलं होतं. ओट्याच्या उजवीकडे तुळशीवृंदावनाचा फोटो. त्या फोटोच्या पलीकडे गेलेली माणसं: आई, बाबा, सासू, सासरे, बालवाडीतली ठकी मदतनीस. कोणी वारलं की त्याची चिठ्ठी बोटाने ओढून सुलू तिकडे नेऊन ठेवायची. घरात मग शब्दच पडला, अमका तुळशीपलीकडे गेला.

रोज सकाळी गवती पातीचा चहा घेऊन ती टॅब मांडीवर घ्यायची आणि सगळ्या ओट्यावरून एकदा नजर फिरवायची. दिनानाथला हे फार ओळखीचं वाटे. कंपनीत पाळी सुरू झाली की तोही पॅनलवरून अशीच नजर फिरवायचा.

फळा बराच भरला तेव्हा तिने नवऱ्याला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, “एक ऐकून ठेवा. मला आठवलं नाय तर चालंल. पण खोटं आठवायला नको. इथं जे हाय ते खरंच असलं पायजे. माझ्या डोक्याचा भरोसा गेला. आता याचाच हाय.”

“बरं,” दिनानाथ म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

श्रावणात हेमांगी गेली. शिवणयंत्रावर बसली होती, मान खाली गेली ती वर आली नाही. सुलू बोईसरला गेली. सवाष्ण गेलेल्या बहिणीला तिने स्वतः हळदकुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि परत आल्यावर कोणी न सांगता टॅब घेऊन चिठ्ठी तुळशीपलीकडे ओढली. बोट पडद्यावर दाबून ती बराच वेळ तशीच बसली होती. सोडलं की चिठ्ठी तिकडे राहणार, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती ओटा बघायला बसली. बघता बघता थांबली.

“अवो, हेमांगी पलीकडं कशी?”

दिनानाथने सांगितलं. सुलूच्या हातातला कप कलंडला. ती जी ओरडली त्याने रखमाबाई धावत आली. दिनानाथने बायकोला छातीशी धरलं, आणि दुपारपर्यंत ती तशीच राहिली.

त्याच्या पुढच्या सकाळी तेच. त्याच्याही पुढच्या. घरातलं मरण एकदा होतं आणि मग त्याच्यावर दिवसांची साय धरते. इथे साय धरायलाच तयार नव्हती. रोज सकाळी हेमांगी नव्याने मरायची.

मग त्याने जे केलं ते फक्त पॅनलवर जन्म घालवलेल्या माणसालाच सुचलं असतं. टाकीवरचा एखादा सेन्सर बिघडला की पॅनलवर उगाच घंटा वाजत राहते. टाकीत काही झालेलं नसतं, घंटा मात्र डोकं उठवते. अशा वेळी त्या घंटेला बायपास टाकतात. घंटा गप्प, प्लांट चालू. फक्त त्याचे नियम असतात. बायपास पुढच्या पाळीला सांगायचा, लवकर काढायचा, आणि तो आहे तोवर स्वतः उठून टाकीपाशी जाऊन हात लावून यायचं. कंपनीतला मारुती मेकॅनिक प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचा, “घंटा बंद केली म्हणून टाकी रिकामी होत नाय, राजा.”

सुलू आंघोळीला गेली होती. दिनानाथने टॅब उघडला, हेमांगीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि तिला ओढत तुळशीच्या अलीकडे आणून ओट्याला चिकटवलं.

दुसऱ्या सकाळी सुलू चहा प्यायली. ओटा बघितला. म्हणाली, “आज केळफुलाची भाजी करूया.” दिनानाथला वाटलं, सुटलो.

रविवारी भाविकाने फळा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. वाडीत पाणी सोडणाऱ्या बापापाशी जाऊन ती उभी राहिली.

“बाबा, मावशी इकडे कशी आली?”

“मी आणली.”

“आईने काय सांगितलं होतं?”

“तू सकाळी असतीस का इथं?” दिनानाथने पाण्याचा बांध पायाने मोडला. “रोज बघतीस का तिला? मी बघतो. बायपास हाय तो. थोड्या दिवसांनी काढतो.”

“ही आई आहे. तुमची टाकी नाही.”

“मला माहीत हाय कोण हाय ती.”

भाविकाला संध्याकाळी परत जायचं होतं आणि बापाला राहायचं होतं. अशा भांडणात जाणाऱ्याने जास्त बोलायचं नसतं.

एक बायपास टाकला की त्याला सांभाळायला दुसरा लागतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दुपारी फोन करते. दुपारी फोन येईना. सुलूने स्वतः लावून बघितला तर बंद. दिनानाथने हेमांगीचा नंबर सुलूच्या फोनमधून काढून टाकला. “तिचा नंबर बदललाय, मिळाला की घालतो,” म्हणाला. मग गणपती आले. “गिऱ्हाइकांची गर्दी असंल, ब्लाउजाचे दिवस,” म्हणाला. मग नवरात्र. निमित्तं पंचांगातून आपोआप मिळत गेली. सुलू प्रत्येक वेळी “बरं” म्हणायची. सकाळ शांत जात होती. घंटा वाजत नव्हती. टाकीपाशी जाऊन हात लावायचा नियम दिनानाथ विसरला, आणि त्याला काही आजार नव्हता.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरने गोळी बदलली. नव्या गोळीची चिठ्ठी करायला दिनानाथने टॅब घेतला. त्याची बोटं जाड, सरकवताना फळा भलतीकडेच घसरत गेला. स्वयंपाकघर गेलं, वाडी गेली, ओव्या गेल्या. नुसता पांढरा पडदा. तो परत फिरणार तोच खाली खूप दूर काहीतरी काळं दिसलं, माश्या बसाव्यात तसं. त्याने ते जवळ ओढलं.

मधोमध एक चिठ्ठी होती. ‘हेमांगी का रागावली?’

तिच्याभोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीतून तिच्याकडे जाणारी रेघ.

‘आईचा हार मी ठेवून घेतला. तिला द्यायला हवा होता.’

‘तिच्या बाळाच्या बारशाला गेले नाय. ताप होता. ताप होता का?’

‘बाबा गेले तेव्हा तिला उशिरा कळवलं.’

‘सगळ्यांसमोर तिच्या कालवणाला खारट म्हटलं.’

‘लहानपणी मारलं. जांभाच्या झाडाखाली. दगड होता हातात.’

‘हार दिला नाय.’

‘हार.’

‘आईचा हार मी ठेवून घेतला.’

एकच हार किती तरी वेळा. कारण आज लिहिलेलं उद्या आठवत नव्हतं, उद्या पुन्हा शोधायला बसायचं, पुन्हा पहिल्यांदाच हार सापडायचा, पुन्हा नवी चिठ्ठी. नवऱ्याने दुपारी डोळा लावला की ती इथे येऊन बसत असणार. बालवाडीच्या बाईंनी सुरेख मांडणी केली होती. हाराच्या चिठ्ठ्या एका रंगात, माराच्या दुसऱ्या. सगळ्यात खाली, कशालाही न जोडलेली एक होती.

‘मी काय केलं ते मला आठवत नाय. तिला आठवतंय.’

दिनानाथ पलंगावर बसला. आत, कपाटाचं दार वाजून बंद झाल्याचा आवाज त्याला उजव्या कानाने मघाशी ऐकू आला होता. आता घर फारच गप्प होतं. तो उठून आत गेला. कपाटातला दागिन्यांचा डबा जमिनीवर होता, झाकण बाजूला, आत हार नाही. परसदार उघडं.

टॅब तसाच हातात घेऊन तो चपला न घालता निघाला.

सुलू रस्त्यावरच्या थांब्यावर बसली होती. चांगलं पातळ, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर रुमालाची गाठ. नवऱ्याला बघून तिने कपाळाला आठी घातली.

“तुमी कशाला आलात? आमा बहिणीबहिणींचं हाय. तुमी नका मधी पडू.”

“कुठं चाललीस?”

“बोईसरला. तिचा हार तिला देते नि पायाला हात लावते. मोठी असले म्हणून काय झालं. इतके दिवस बोलत नाय म्हंजे लागलं असणार तिला खूप.” तिने रुमाल घट्ट धरला. “तिनं दार उघडलं नाय तर काय करू, ते तेवढं सांगा.”

दिनानाथ तिच्या शेजारी बसला. बोईसरची गाडी यायला अवकाश होता. त्याने टॅब तिच्या मांडीवर रुमालाशेजारी ठेवला आणि ओटा उघडला. त्याला वाटलं, तोंडाने सांगावं. तोंडाने त्याला आयुष्यात काही जमलं नव्हतं. त्याने हेमांगीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि सुलूच्या डोळ्यांसमोर ती सावकाश ओढत तुळशीपलीकडे नेली.

सुलूने त्या बोटाकडे बघितलं. मग चिठ्ठीकडे.

“कदी?”

“श्रावणात.”

“मी होते?”

“होतीस. तूच हळदकुंकू लावलंस. हिरव्या बांगड्या भरल्यास.”

“बरी दिसत होती?”

“हो. झोपल्यासारखी.”

थांब्यामागच्या वाडीतून पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. सुलूने मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दिनानाथला आधी ओळखूच आलं नाही. ती हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“म्हंजे रागावली नवती.”

“नाय.”

“माज्यावर रागावली नवती ती. मेली होती बिचारी.” तिने पदराने तोंड पुसलं, पुन्हा हसली, मग रुमालावर डोकं टेकून रडली. आधी दर सकाळी रडायची तशीच, जोराने. दिनानाथने हात पुढे केला. तिने तो घेतला. तेवढा वेळ सगळं ठीक होतं.

मग तिचं रडणं थांबलं. तिने टॅब सरळ केला.

“मघाशी ही अलीकडं होती.”

“हो.”

“अलीकडं कोणी आणली?”

“मी.”

“कशाला?”

“रोज सकाळी तुला नव्यानं कळायचं. रोज रडायचीस. मला बघवंना.”

सुलूने हे नीट ऐकून घेतलं. बालवाडीत खोडी केलेल्या पोराचं ऐकून घ्यायची तसं, पूर्ण, मध्ये न बोलता.

“तुमाला बघवंना,” ती म्हणाली. “नि मी बसले कारणं शोधत.”

तिने बोटाने फळा इकडे-तिकडे सरकवून बघितला.

“अजून काय काय फिरवलंय यातलं?”

“नंबर काढला तिचा. फोनमधून. बाकी काय नाय.”

“नाय?”

“नाय, सुलू. खरं सांगतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. वाटी बदलून आली की रखमाबाईच्या वाटीकडे बघायची तसं ते होतं. आपली आहे की नाही, एवढंच. मग ती फळ्यावर वाकली, दिनानाथच्या फोटोपाशी आली आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याच्या चिठ्ठीत खाली एक ओळ घातली. घालून झाल्यावर पुन्हा वाचून खात्री केली. गाडी आली, थांबली, कोणी चढलं नाही म्हणून गेली. दोघं घरी आली. हार डब्यात गेला.

दुसऱ्या सकाळी यातलं तिला काही आठवत नव्हतं. थांबा नाही, रुमाल नाही, हसणं नाही. तिने चहा घेतला, टॅब मांडीवर घेतला आणि ओट्यावरून नजर फिरवायला लागली. दिनानाथ समोर बसून वाट बघत होता. त्याने ठरवलं होतं, आता रोज धरायचं तिला, जन्मभर धरावं लागलं तरी.

नजर त्याच्या चिठ्ठीवर आली. तिने वाचलं. ‘नवरा. कमी बोलतात. उत्तर दिलं नाय तर राग मानू नये, डावा कान कंपनीत गेलाय. यांनी सांगितलेलं खरं धरू नये. दुसऱ्याला विचारावं.’

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि नजर पुढे नेली. तुळशीपलीकडे पोहोचली. थांबली.

“अवो, हेमांगी पलीकडं कशी?”

“गेली ती, सुलू. श्रावणात. शिवणयंत्रावर बसली होती...”

“थांबा,” सुलू म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती उठली, पदर सावरला. “रखमाबाईला विचारून येते.”

दिनानाथ ओट्यावर उभा राहिला. कुंपणापलीकडून रखमाबाईचा आवाज आला, “हो गो बाय, गेली,” आणि मग सुलूचं रडणं. उजव्या कानाला ते स्वच्छ ऐकू येत होतं. तिला रखमाबाईने धरलं असणार.

आता रोजच असं होतं. ती ओळ पुसायला एक बोट पुरेल. टॅब दिवसभर घरात पडलेला असतो आणि सुलूला कधी कळणारही नाही. भाविकाने एकदा विचारलं, “बाबा, काढू का मी ती?” दिनानाथ म्हणाला, “राहू दे. खरं हाय ते.”

सुलू रडून परत येते तेव्हा तिचा चहा निवलेला असतो. दिनानाथ तो पुन्हा गरम करून आणतो. ती कप हातात घेते, आत बघते, मग कप परत त्याच्याकडे करते.

“आदी तुमी प्या.”

तो एक घोट पितो. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहते, घोट खाली उतरेपर्यंत. मग कप घेते.

“साखर घातलीय?” ती विचारते.

“घातलीय,” तो म्हणतो, आणि ती स्वतः चाखून बघते.